जड झालेली संत वेनेरा

"जड झाली! माई जड झाली!" पालखीच्या पुढच्या दांडीखालचा बास्तियानो ओरडला आणि सगळी गल्ली गुडघ्यांवर आली. संत वेनेराची लाकडी मूर्ती असुंता विधवेच्या दारासमोर अडली होती. मूर्ती ज्याच्या दारी अडेल तो पापी. त्यानं दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, ही आमची रीत. यंदा द्राक्षांवर भुरीचा रोग पडला, म्हणजे गावात कुणाचं तरी पाप असणारच. पापी कोण, हे गावाला आठवडाभर आधीच ठाऊक होतं. माईला तेवढं आज कळलं! भुरीवरचं गंधक माझ्या औषधाच्या दुकानात धूळ खातंय. ते कोण विचारतो?

"अरे, लहान पोरं आहेत माझी. कुठे जाऊ मी?" असुंता दाराला धरून रडत होती.

"आम्हाला काय विचारतेस? माईला विचार!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

शाळेचे तूरी मास्तर पुढे झाले. "विचारू या की. पुन्हा उचला, पण डोळे बांधून. माई बघतेय ना? मग तुम्हाला डोळे कशाला हवेत?"

"बांधा!" बास्तियानो इरेला पेटला.

पालखी वाहणाऱ्या सहाही जणांचे डोळे बांधले. मास्तरांनी आम्हाला खुणेनं गप्प केलं, पालखी चौकात गरागरा फिरवली, भलत्याच गल्लीत नेली आणि एका दारापाशी मोठ्यानं म्हणाले, "हं, आलं असुंताचं घर."

"जड झाली!" बास्तियानो कण्हला. घाम खरा होता, गुडघेही खरेच वाकले होते. "चालती हो, अवदसे!"

मास्तरांनी त्याची पट्टी सोडली. उंबऱ्यात त्याची आई उभी होती.

"ढोंग कुणीच करत नाही," मास्तर म्हणाले. "सहाही जण मनात एकच दार धरून चालतात. ते आलं की एकाचं पाऊल नकळत आखडतं, भार बाकीच्यांवर पडतो, तेही थबकतात. झाला चमत्कार!"

पाद्रीबाबा कळवळले. "मास्तर, या माईनंच गाव बांधून ठेवलंय हो."

"दरवर्षी एकाला हाकलायचं आणि उरलेल्यांनी गळ्यात गळे घालायचे, ही तुमची एकी?"

"माझी आई कुठे जाणार नाही!" बास्तियानो गरजला. "माई चुकली असेल!"

"मग मागच्या साली पाओलाला का घालवलीत रे?" असुंता किंचाळली. "घाटातच मेली ना ती!"



लोकहो, एकत्र राहायला काहीतरी धरून ठेवावंच लागतं, मान्य. पण ज्यापायी माणूस मरतं, ते आधी तपासून तर बघा! बास्तियानोची आई घरात आहे, असुंताही राहिली. पाओलाच्या दाराला मात्र अजून कुलूप आहे.