खोडव्याला पाणी

जुन्या गावरान ज्वारीचं शेवटचं पाकीट आमच्या नोएडातल्या बियाणे केंद्राच्या शीतगृहात पडून होतं. जिथून ते आणलं, त्या गावात आता नुसता ऊस. संकरित बियाण्यानं पोटं भरली, खोटं कशाला बोलू? पण त्या धुंदीत जुनं बी उकिरड्यावर टाकणाऱ्यांना मी शहाणं म्हणणार नाही. ही ज्वारी खोडमाशीला दाद देत नाही. उद्या नवी वाणं झोपली, तर हा गुण कुठून आणणार?

आमचे साहेब यशोधन म्हणाले, "यार रुचिरा, उत्पन्न नाही, गिऱ्हाईक नाही. यंदा ताजं बी आलं नाही तर या वाणाची नोंद बंद."

पेरायला जागाही दिली नाही. मी सगळं पाकीट माझ्या तळमजल्याच्या फ्लॅटमागं पेरलं. म्हाताऱ्या बियांतून मूठभर ताटं उगवली. परका पराग नको म्हणून कणसांना कागदी पिशव्या बांधल्या.

दिवाळीला चुलत सासरे उल्हासकाका आणि नीलाकाकू दिल्लीतल्या द्वारकेहून राहायला आले. शनिवारी मी कामावरून परतले, तर मागं धूर.

"ये गं! नोएडात हुरडा!" काका शेगडीपाशी बसून हात चोळत होते. "पिशव्या कसल्या घातल्यास? कणसांना थंडी वाजते?"

ताटं बुडापासून कापून सगळी कणसं भाजली होती.

"काका, जगात हे बी एवढंच होतं."

"अच्छा... पण गोड होतं हो."

"अहो, तोंड बंद करा!" काकू ओरडल्या.

मी ताटांच्या बुडाशी बसले. कापल्या ज्वारीच्या बुडातून पुन्हा फुटतो, तो खोडवा. एका बुडाला हिरवं टोक दिसलं. पण बाहेरच्या थंडीत त्याचं कणीस भरणार नव्हतं.

"काका, उठा. बादल्या आणा. सगळी बुडं मातीसकट हॉलमध्ये न्यायची. सोफा बाहेर."

"आणि ऊन?"

"दिवसा मोठे दिवे. पण संध्याकाळ झाली की मिट्ट अंधार. लांब रात्र मिळाल्याशिवाय ही निसवत नाही, कणीस बाहेर टाकत नाही."

"मग टीव्ही?"

"बंद."

"मॅच आहे गं!"

"हुरडा खाल्लात ना?"

काका बादल्या आणायला उठले.

सोमवारी कामावर निघण्याआधीच साहेबांचा फोन. "बी आलं?"

"नाही. नोंद बंद करायची नाही."

"किती थांबायचं?"

"दाणा पिकेपर्यंत."

"आणि नाही पिकला तर?"

उत्तर द्यायच्या आत हॉलमधून काका ओरडले, "रुचिरा, या बादलीतही फुटलंय गं!"

"ऐकलंत?" मी म्हटलं, आणि फोन ठेवून पाणी घालायला गेले.