इमानाची ओवी

केशरबाईंचा लेक बब्रुवान फौजेत लेहला होता. त्याचा सोबती पिराजी रजेवर आला तेव्हा पाणी पिता पिता सांगून गेला, "मावशी, येत्या बाजारादिवशी सकाळी बब्रुवानला इमानात बसवून लेहहून थॉइसच्या तळावर नेणार हायत."

"किती लांब?" केशरबाईंनी विचारलं.

"सरळ धरलं तर आपली माकणी ते सोलापूर. मधी डोंगर आडवा, रस्त्यानं दिवस मोडतोय. इमानानं अर्धा तास बी न्हाय."

"आन् मधी गावं कोणती?"

"गावं कसली मावशी? बर्फ."

केशरबाईंचा जीव तिथंच अडकला. त्यांच्या घरची रीतच होती : माणूस वाटेला लागलं की बाईनं जात्यावर बसायचं, वाटेतल्या गावागावाची ओवी म्हणायची, एका गावानं त्याला पुढच्या गावाच्या हाती द्यायचं. खंड पडला तर पुन्हा पहिल्या गावापासून. आता बर्फात लेकराला कुणाच्या हाती द्यावं?

"पिराजीच म्हणला न्हव का, माकणी ते सोलापूर?" शेजारची जाईबाई म्हणाली. "आपलीच गावं तिकडं मांडा की, काकू."

बाजाराच्या दिवशी जातं झाडलं. सोसायटीची गिरणी आल्यापासून त्याच्यावर कोंबड्याच बसायच्या. दुष्काळाचं साल, डब्यात जवारी पसाभर. केशरबाईंनी खुंटा धरला.

लोहाऱ्याच्या बाई गं, लेक माझा आभाळात,
दे गं त्याचा हात, जळकोटाच्या हातात.

"यष्टीच्या चालीनं नका म्हणू, इमान हाय ते," जाईबाई समोरून ओढत म्हणाली.

केशरबाईंनी सूर पळवला. जळकोट मागं पडलं. नळदुर्ग आलं आणि जवारी संपली. रिकामं जातं फिरवायचं नसतं.

"लेक आभाळात, आन् आपण नळदुर्गाच्या स्टँडवर," केशरबाई पुटपुटल्या. चेहरा पिठागत पांढरा.

जाईबाई पळाली, सोसायटीतून आणलेली आपली रेशनची लाल मिलो जवारी पदरात घेऊन आली. पुन्हा लोहाऱ्यापासून सुरुवात. नळदुर्गानं इटकळला दिलं, इटकळनं बोरामणीला. सोलापुरात पोचवलं तेव्हा दोघींचे हात भरून आले होते.

दिवाळीला बब्रुवान घरी आला. लाल भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आई, त्या दिवशी पैल्या खेपेला इमान अर्ध्यातनं माघारी फिरलं. दुसऱ्या खेपेला उतरलं."

केशरबाईंनी जाईबाईकडं बघितलं. जाईबाई पदरात हसली.

"जवारी संपली हुती रं," केशरबाई म्हणाल्या.

"जवारी कशाची? ढग आले मधी."

"तिकडं ढग हायत व्हय," केशरबाईंनी कोरड्या आभाळाकडं नजर टाकली. "आन् गाव खरंच एक बी न्हाय?"

"डोंगराखाली हाय की. खारदुंग. दहा-वीस घरं."

केशरबाईंनी ते नाव दोन-तीनदा तोंडात घोळवलं.

"एकच का हुईना. आता जाशील तवा दिवस आधी कळव," त्या म्हणाल्या. "एकाच गावाला सगळी वाट सांभाळायची, ओवी लांबवावी लागंल."

जाईबाई उठली. "म्या मिलो आणून ठेवते," म्हणाली.