कीर्ती नाखवा, प्रभारी

"तारीख आजचीच घालू ना गं?" कीर्तीने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता कार्यभार सोपवल्याच्या कागदावर सही करून टाकली. सहीखाली 'प्रभारी माहिती सुरक्षा अधिकारी' असं मीच टाइप केलं होतं. पनवेलच्या आमच्या सरकारी कार्यालयात मी आस्थापना शाखेत बसते. कुणाला खुर्ची मिळणार आणि कुणाची जाणार, हे मला आधी कळतं. या वेळीही चार दिवस ठाऊक होतं. चार दिवस मी तिच्या डब्यातली सुकटीची चटणी खाल्ली आणि तोंड उघडलं नाही.

कीर्ती उरणजवळच्या करंजाची. आई मैनाबाई अजून बंदरावर मासळी सुकवते. सहा वर्षांपूर्वी आमच्यातल्याच कुणीतरी ईमेलमधली भलतीच फाइल उघडली आणि कार्यालयाच्या सगळ्या नोंदी कुलूपबंद झाल्या. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची पाचावर धारण बसली. कीर्ती तेव्हा साधी संगणक सहायक. तिने मात्र कुणी न सांगता दर शुक्रवारी नोंदींची प्रत वेगळी काढून ठेवली होती. तीन दिवसांत तिने कार्यालय पुन्हा सुरू केलं. मग माहिती सुरक्षा अधिकारी असं पद मंजूर झालं आणि ते भरेपर्यंत कार्यभार तिच्याकडे आला. भरेपर्यंत म्हणजे सहा वर्षं. मधल्या काळात तिने त्या पदाची परीक्षाही दिली, पासही झाली. दर अकरा महिन्यांनी मी मुदतवाढीचा आदेश काढायचे आणि ती म्हणायची, "यंदा 'प्रभारी' खोडतील बघ, रंजिता."

यंदा पद भरलं. कल्पेश सर आले, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही. आल्या आल्या म्हणाले, मॅडम, तुम्ही आहातच ना मदतीला. साहेबांनी कीर्तीला बोलावून समजावलं की या पदावर वेळी-अवेळी धावावं लागतं, तुमची मुलगी लहान आहे, तुमच्याच सोयीचं पाहिलंय. मुलगी यंदा बारावीला आहे. साहेबांच्या लेखी ती अजून पाळण्यात.

दुपारी मैनाबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज इतका खणखणीत की मला शेजारी बसून सगळं ऐकू आलं.

"काय गो, झालीस का पक्की?"

"नाय आये. दुसरा आलाय."

"मंग तू काय करशील?"

"मी हाय की. काम बी हायच."

फोन ठेवून तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी काहीतरी बोलायला हवं होतं.

चारच्या सुमारास साहेबांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. कल्पेश सरही होते. वरच्या कार्यालयाने एक तक्ता मागवला होता, सायबर सुरक्षेच्या नेतृत्वात महिला किती, असा. तो कीर्तीच्या लॉगिनवर आला होता आणि सकाळीच तिने त्यात शून्य भरलं होतं.

"शून्य बरं दिसत नाही," साहेब म्हणाले. "सहा वर्षं तुम्हीच चालवलंत ना? एक करा. नाव तुमचंच जातंय वर."

"मग आदेशातही तसं लिहा, सर," कीर्ती म्हणाली.

साहेब हसले. तक्ता पाठवायची मुदत आज संपते म्हणाले, आणि दुरुस्ती तुम्हीच करून टाका, असं कल्पेश सरांना सांगितलं.

बाहेर येऊन कल्पेश सर तिच्या खुर्चीत बसले. ती शेजारी उभी राहिली. त्यांनी आकडा बदलला आणि वर पाहिलं. "मॅडम, ओटीपी आला असेल तुमच्या मोबाइलवर."

ओटीपी साहेबांनी मागितला तरी सांगायचा नाही, हे आम्हाला हिनेच शिकवलेलं. एकदा खुद्द साहेबांना तिने तोंडावर नाही म्हटलं होतं, तेव्हा ते आठ दिवस फुगून बसले होते. आताही नाही म्हणेल, असं मला वाटलं. नाही म्हण गं बाई, मी मनातल्या मनात तिला विनवत होते. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

कीर्तीने चष्मा लावला. मोबाइल जरा लांब धरला.

"सात, दोन, आठ, शून्य, नऊ, तीन."

कल्पेश सरांचे शेवटचे दोन आकडे निसटले. त्यांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा सांगितले, सावकाश.