बंद कोंदण

सायलीने अंगठी भिंगाखालून काढली आणि नाकाजवळ नेली.

"मावशी, ही दुधात ठेवता का तुम्ही?"

समोर बसलेल्या मालनबाईंनी पदर सारखा केला. मखमलाबादच्या मळ्यातून आणलेली शेवंती फुलबाजारात घालून त्या थेट सराफ बाजारातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या रत्नतपासणीच्या खोलीत आल्या होत्या. बोटांवर देठांचे हिरवट डाग अजून तसेच होते.

"खराब झाला का खडा?"

"खड्याला काही झालेलं नाही." सायलीने अंगठी उलटी करून दाखवली. "अ‍ॅक्वामरीन आहे. पाचूच्याच कुळातला. अंगात लोखंडाचा जरासा अंश असतो, तेवढ्यावर हा निळा होतो. चांगला कठीण असतो, दुधानं त्याचं काही बिघडत नाही. पण कोंदण मागून बंद आहे ना, दूध आत झिरपतं आणि तिथंच वाळतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, खडाच आंधळा झाला."

"ललित पण तेच सांगतो. माझा धाकला. बोटीवर इंजिनात हाय." मालनबाई जरा पुढे सरकल्या. "त्यानंच आणली ही, ब्राझीलहून. म्हणला, पूर्वीचे खलाशी हा खडा जवळ ठेवायचे, समुद्रानं सुखरूप घरी सोडावं म्हणून. मी म्हणलं, मंग तूच घाल की. तर म्हणतो, इंजिनात अंगठी चालत नाय, आई. माझ्या वाटची तू घाल."

कोपऱ्यात कंपनांनी दागिने धुणारे यंत्र होते. सायलीने ते चालू केले नाही. भिंगातून या खड्याच्या पोटात केसाहून बारीक पोकळ नळ्या दिसल्या होत्या; असा खडा हातानेच धुवावा. तिने वाटीत कोमट पाणी घेतले, साबणाचे दोन थेंब टाकले आणि अंगठी आत सोडली.

"वीस मिनिटं भिजू दे. आता दूध बंद करा मावशी. कढत पाणी नको, उन्हात ठेवणं नको. मऊ ब्रश फिरवायचा, बस. वर्षातून एकदा धुतली तरी पुरे."

"वर्सातून एकदा?"

मालनबाई हे इतक्या हळू म्हणाल्या की सायलीने मान वर केली.

"कमी वाटतं?"

मालनबाईंनी वाटी उगाच थोडी फिरवली.

"मळलेल्या खड्याचा फोटो पाठवला ना ताई, की त्याचा फोन येतो. असंल तिथनं. साबण किती, पाणी किती, ब्रश कसा धरायचा, समदं सांगतो. मी धुते, तो थांबतो. अर्धा अर्धा तास. मधीच विचारतो, विहिरीला पाणी किती हाय, कुत्रीनं पिल्लं घातली का."

"आणि एरवी?"

"एरवी अंगठा पाठवतो." त्यांनी आपला अंगठा वर करून दाखवला आणि हसल्या. "तीन वर्सं झाली. सुट्टी मिळती त्याला, पर मुंबईतनंच माघारी जातो. आता पण बोट मुंबईलाच लागलीय."

वाटीतले पाणी पांढुरके होऊ लागले होते.

"म्हणजे हे दूध..." सायलीने वाक्य पुरे केले नाही.

"पहिल्या बारीला चुकून सांडलं होतं. देवाशप्पथ."

सायलीने ब्रश उचलला. कडेकडेने फिरवत तिने साय निघेल तेवढी काढली, मऊ कापडाने अंगठी टिपली आणि खिडकीपाशी धरली. एका बाजूने पाहिले तर खडा जवळजवळ पाण्यासारखा; जरा कलता केला की आतून निळा चढत येई. फक्त एका कडेखाली पांढरी रेघ उरली होती.

तेवढ्यात फोन वाजला. मालनबाईंनी गडबडीने स्पीकर लावला.

"काय गं आई, साय निघाली का खड्यावरची? का आता तूपच काढायचं?"

"निघाली थोडी. या ताईंशी बोल."

"मॅडम, नमस्कार. एकदाच काय ते करून टाका ना. मागचं कोंदण उघडून द्या. म्हणजे आत काही साठायलाच नको. दर महिन्याला आईच्या जिवाला घोर."

मालनबाईंचा हात वाटीच्या काठावर थांबला. त्या फोनकडे बघत नव्हत्या, सायलीकडे बघत होत्या.

काम तासाभराचे होते. खालच्या मजल्यावर सावळीराम कारागीर या वेळी रिकामाच असे.

"उघडता येतं," सायली म्हणाली. "पण त्यासाठी खडा काढावा लागतो. आणि खडा काढायचा तर मालक समोर बसलेला लागतो. बाजाराची रीत आहे. बदलला, फुटला असं मागाहून व्हायला नको."

"आई बसलीये की समोर."

"खडा कोणाचा, मावशी?"

मालनबाईंनी अंगठीकडे पाहिले.

"त्याचाच की. मी नुसती सांभाळते."

"अहो मॅडम, मग सही करून पाठवतो ना मी. मेलवर."

परगावच्या गिऱ्हाइकांसाठी सायलीने स्वतःच छापून घेतलेल्या संमतीपत्रांचा गठ्ठा तिच्या कोपराशी होता. आजवर तिने एकाही अहवालात खोटा शब्द लिहिला नव्हता. तिने ओले कापड उचलून त्या गठ्ठ्यावर ठेवले.

"सही चालत नाही," ती म्हणाली. "इथं यावं लागेल."

फोनमधून कसलीशी यंत्राची घरघर तेवढी येत राहिली. मालनबाईंनी तो दोन्ही हातांत धरला होता. मग ललितचा आवाज आला.

"रविवारी उघडं असतं का तुमचं?"