कोपऱ्यावरचा नेव

दर शनिवारी क्लाइवकडे जलरंग शिकणारी मंडळी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनासमोर, चर्चच्या पायऱ्यांवर बसून चित्रं काढत आणि शेवटी ती ओळीने मांडून ठेवत. मग क्लाइव एकेकाची हजेरी घेई. नियम एकच. ज्याचं चित्र, त्याने तोंड मिटून बसायचं. चित्राला बोलता येत नसेल तर ते घरी न्यावं, असं क्लाइवचं म्हणणं.

डोरीनचं चित्र आज बोलत होतं. स्टेशनाच्या पिवळ्या इमारतीवरचा घुमट, दारावरची घड्याळांची रांग, ओल्या रस्त्यात विरघळलेली हिरवी ट्रॅम हे तिला हळूहळू जमू लागलंच होतं. आज स्टेशनाच्या कोपऱ्यावर नेवही उतरला होता. नेव म्हणजे तिचा नवरा. जन्मभर त्या कोपऱ्यावर पेपर विकले आणि मागच्या हिवाळ्यात गेला. ती शिकायला आली होती ती त्याला कागदावर आणायला, एवढ्याचसाठी. आजवर त्याचा नुसता खांब व्हायचा. आज ओल्यात रंग पसरला आणि टोपी, पोक, पेपर पुढे करणारा हात, सगळं आपसूक झालं. असं दुसऱ्यांदा होत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"वा, डोरीन! आज कुणाचा हात चोरलास?" क्लाइव म्हणाला. सगळे हसले. "पण हा कोपऱ्यातला ठोकळा कोण गं? डोळा घुमटाकडे जावा, तर हा मध्येच तडमडतोय."

डोरीनने तोंड उघडलं.

"अंहं! नियम!" शेजारची जॉयलीन म्हणाली आणि फिसकन हसली.

आणि डोरीन गप्प बसली. अशा बायकांचा संताप येतो. नियम पाळता पाळताच यांचं वाटोळं होतं.

क्लाइवने ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवला, नेववरून फिरवला आणि कागदी रुमालाने त्याला टिपून घेतलं.

"तो नेव होता," डोरीन म्हणाली. "माझा नवरा."

क्लाइवने रुमालाचा बोळा केला. "मग आधी सांगायचं नाही का?"

"असू दे गं. घरी फोटो असतील की," जॉयलीन म्हणाली.

भरपाई म्हणून क्लाइवने त्या ओल्या जागी दोन फटकाऱ्यांत लाल छत्रीवाली पोरगी उभी केली. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोला, चित्र सुधारलं होतं. घुमट उजळला, रस्ता चालू लागला. डोरीनलाही ते दिसलं, आणि त्याचीच तिला शिसारी आली.

"हे प्रदर्शनात लावू. कर सही."

"थँक्यू, क्लाइव," ती म्हणाली, आणि तिने छत्रीखाली आपलं नाव लिहिलं.