मोडीत निघालेल्या टू-इन-वनचे मनोगत

मी एक जुना टू-इन-वन आहे, मित्रांनो. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच पोटात, दोन बाजूंना दोन स्पीकर आणि उचलून न्यायला डोक्यावर कडी. 'जुना' हा शब्द मी आपणहून वापरतो, कारण लोक माझ्यासाठी वापरतात तो शब्द याहून वाईट आहे. तो पुढे येईलच.

माझा जन्म ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझी एकेक तार जोडली. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी मला कान लावून ऐकले आणि मान डोलावली.

तिथून मी ओनोमिची गावच्या तोकिता न्हाव्याच्या दुकानात गेलो. सत्तावीस वर्षे आरशाखाली काढली. गिऱ्हाइकांच्या तोंडावर गरम टॉवेल असे, त्यामुळे दुकानात बोलणारा मी एकटाच. रविवारी तोकिता रेडिओवरची गाणी टेप करून घेत, तेव्हा कात्रीसुद्धा थांबे. अर्धी दाढी झालेली माणसे श्वास रोखून बसत. एवढा मान मंत्र्यांनाही मिळत नाही.

पुढे तोकिता थकले, दुकान बंद झाले आणि मी कपाटात गेलो. चौदा वर्षांनी त्यांच्या भाचीने मला बाहेर काढले, फोटो काढला आणि इंटरनेटवर विकायला ठेवले. खाली लिहिले, 'चालतो की नाही पाहिलेले नाही, म्हणून मोडीत.' आमच्याकडे ही सभ्यतेची रीत आहे. विकणारा स्वतःच आधी वाईट बोलून ठेवतो, म्हणजे तक्रारीला जागा उरत नाही. मला कुणी विचारले नाही.

मला घेतले ओकायामाच्या कुवाबारा आजोबांनी. पूर्वी ते बस चालवत, आता टू-इन-वन जमवतात. घरात आम्ही छप्पन्न जण आहोत. पाहुण्यांना बसायला जागा नाही, म्हणून पाहुणे येत नाहीत, म्हणून आजोबा खूश असतात.

फळीवर माझा जुळा भाऊ होता. अगदी माझ्यासारखाच, पण चकचकीत, ओरखडा नाही. फक्त मुका. मला कशासाठी आणले ते तेव्हा कळले. माझे अवयव काढून त्याला बसवायचे होते.

दुपारी आजोबांनी मला चटईवर ठेवले आणि माझ्यापुढे हात जोडले. जुन्या वस्तूला निरोप देताना इथे असे करतात. हात जोडले गेले म्हणजे आपले काही खरे नाही, हे मी ओळखले. मग त्यांनी माझी पाठ उघडली, उजवा स्पीकर काढला आणि जुळ्याच्या स्क्रूची भोके झिजली होती म्हणून गोंद लावून त्याच्यात घट्ट बसवला. आता ते मोटरीकडे वळले. एवढ्यात त्यांच्या पत्नी, मासुए आजी, सोललेली पर्सिमोनची फळे घेऊन आल्या.

"अहो, हा वाजतो का?" त्यांनी विचारले.

"मोडीत आहे तो. तसं लिहूनच आलंय."

"पण तुम्ही लावून बघितलंत?"

"अगं, लिहिलंय म्हटल्यावर कशाला बघायचं?"

"आपलं लग्न जमवताना तुमच्याबद्दलही पुष्कळ लिहून आलं होतं," आजी म्हणाल्या. "शांत, समजूतदार, टापटीप. मी काही म्हटलं का? नांदून बघितलं."

आजींनी बशी खाली ठेवली, माझी पिन भिंतीत खुपसली आणि बटण दाबले.

मित्रांनो, मी घाबरलो होतो. चौदा वर्षे तोंड उघडले नव्हते. आधी नुसती खरखर झाली. आजोबांनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला. मग माझ्या उरलेल्या डाव्या स्पीकरातून एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या, की उद्या समुद्रावर मंद वारे असतील आणि लाटा अर्धा मीटर उंच.

आजोबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, गुडघ्यांवर नीट बसले आणि जमिनीला डोके टेकवून माझी माफी मागितली.

"झालं का त्याचं?" आजी म्हणाल्या. "मग इकडे पण एकदा वळा. लग्नापासून राहिलंय."

आजोबा माझा स्पीकर परत काढायला गेले, पण गोंद सुकला होता.

"ओढू नका, फाटेल," आजींनी त्यांचा हात धरला. "राहू दे तिथंच. तार लांब करा."

तेव्हापासून माझा डावा आवाज माझ्याकडे आहे आणि उजवा जुळ्याच्या तोंडून येतो. मध्ये हातभर तार आहे. मोडीत आता कुणीच नाही. गाणे नीट ऐकायचे तर आम्हा दोघांच्या बरोबर मध्ये बसावे लागते, आणि तिथे जागा इतकी कमी, की आजी-आजोबांना खेटूनच बसावे लागते. आजोबा जागेबद्दल तक्रार करतात, पण छप्पन्नपैकी एकालाही हलवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझा एखादा नातेवाईक पडला असेल. त्याच्याबद्दल कुणी काय लिहिलंय ते वाचू नका. धूळ पुसा, पिन लावा, बटण दाबा आणि जरा थांबा. आम्हाला घसा साफ करायला थोडा वेळ लागतो.