राहीच्या तारखेचं कार्ड

राही झोपली की योगिनी लॅपटॉप उघडायची आणि राही उठली की तो मिटायचा. मधे जो काही वेळ सापडेल, त्याला ती नोकरी म्हणायची. खाडीकाठच्या भाट्ये गावातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत टेबल आणि पाळणा शेजारी शेजारीच होते. एका पायात पाळण्याची दोरी अडकवून, दोन्ही हातांनी टाइप करत तिने तो ड्रायव्हर लिहिला होता.

"ड्रायव्हर लिहितेस म्हंजे काय गो करतेस?" मथुराकाकीने एकदा विचारलं होतं. "गाडी तर कुठं दिसत नाय."

"काकी, मशीनला नवा पार्ट जोडला तर त्याच्याशी बोलायचं कसं, हे मशीनला कळायला नको? ते शिकवायचं काम."

"म्हंजे घरात नवी सून आली की सासूला सांगायचं, हिच्याशी असं बोल, तसं बोलू नको."

"अगदी तस्संच."

"मग कठीण हाय गो बाय तुझं," असं म्हणून काकीने राहीला कडेवर घेतलं आणि ती पडवीत गेली.

मथुराकाकी सकाळी मासळी विकायची आणि दुपारपासून राहीला सांभाळायची. योगिनीचा नवरा मुंबईला, सासर-माहेर दोन्ही लांब. काकी नसती तर एक ओळही लिहून झाली नसती, हे योगिनी जाणून होती. राही काकीला 'आये' म्हणायची ते मात्र तिला सलायचं. मग ती उगाचच राहीचं झबलं बदलायची. कशाला, तर त्याला मासळीचा वास येतो म्हणून. आणि बदलून झालं की स्वतःचीच लाज वाटायची.

कठीण होतंच ते काम. योगिनी ज्याच्यासाठी काम करायची त्या समर्थचं मिरजोळ्याला एमआयडीसीत छोटंसं वर्कशॉप होतं. फ्रीजरवर, पाण्याच्या पंपावर लक्ष ठेवणाऱ्या पेट्या तिथे बनायच्या. पेटीत एक स्वस्तातला चिमुकला कॉम्प्युटर, तापमान मोजणारी तार आणि इंटरनेटला जोडायला एक नेटवर्क कार्ड. हे कार्ड समर्थने इतकं स्वस्त शोधून आणलं होतं की त्याच्यासोबत धड ड्रायव्हरही नव्हता. माहितीचे कागद अर्धे चिनी भाषेत, अर्धे मोडक्या इंग्रजीत. कार्ड सुरू व्हायचं, एखादा निरोप पाठवायचं आणि रुसून बसायचं. कितीतरी दिवस डोकं खाल्ल्यावर, राहीसाठी वरण-भात कालवताना योगिनीच्या लक्षात आलं की हे कार्ड एकदा रीसेट करून भागत नाही, जरा थांबून पुन्हा करावं लागतं. खरकट्या हाताने तिने ते लिहिलं. कार्ड बोलू लागलं. तेव्हा तिने राहीला उचलून घरभर नाचवलं होतं.

पहिली पेटी लागली ती भाट्यातच, खाडीलगतच्या शेडमध्ये. तिथल्या मासळीवाल्या बायकांच्या गटाने न खपलेली मासळी ठेवायला फ्रीजर घेतला होता. फ्रीजर बंद पडून आतली थंडी उतरली की पेटीने गटाच्या फोनवर निरोप धाडायचा. मथुराकाकीही त्याच गटात होती; ज्या बाईचा वार, तिच्याकडे फोन. सगळं नीट चाललं, म्हणून गणपतीनंतर बायकांनी दुसरा फ्रीजर घेतला आणि त्यालाही तशीच पेटी बसवली.

त्यानंतरच्या रविवारी एक फ्रीजर बंद पडला. वार मथुराकाकीचा होता. योगिनीला समर्थचं काहीतरी तातडीचं काम पुरं करायचं होतं, म्हणून काकीची सुट्टी असूनही तिने तिला बोलावून घेतलं होतं. फोन दिवसभर काकीच्या कमरेच्या पिशवीत होता. निरोप आलाच नाही. सोमवारी शेडचं दार उघडलं तेव्हा बायकांनी नाकाला पदर लावले. सुरमई गेली, कोळंबी गेली, सगळं माडांच्या मुळांत खत म्हणून पुरावं लागलं.

सोमवारी काकी उशिरा आली. डोळे सुजलेले.

"कबूल करून टाकलं मी," ती म्हणाली. "माझाच डोळा लागला असंल. फोन वाजला असंल, मला कळलं नाय."

"पण तुम्ही तर दिवसभर राहीबरोबर पडवीत खेळत होतात! मी बघत होते ना."

"मधे लवंडले असंन घटकाभर. जाऊ दे गो. नको तो विषय."

बायकांनी तो विषय सहजी सोडला नाही. गटाची प्रमुख सत्यवती जिभेची तिखट. "परक्याचं पोर मांडीवर घेऊन बसली आणि गटाची मासळी कुजवली," असं ती भर शेडमध्ये बोलली. फोन काकीकडून काढून घेतला. दोन्ही फ्रीजर धुवायचं काम तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं.

त्याच संध्याकाळी समर्थचा फोन आला; मासळी गेल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "योगिनी, तुझ्या घराजवळच आहे ना ती शेड? जरा बघून ये. राउटरचं काही असेल."

दुसऱ्या दिवशी राहीला कडेवर आणि लॅपटॉप पाठीवर घेऊन योगिनी शेडमध्ये गेली. बायका बाजारात होत्या. राहीला तिने एका पालथ्या क्रेटवर बसवलं, हातात चमचा दिला आणि राउटरमध्ये पाहिलं. पेट्या दोन, पण राउटरला एकच दिसत होती. क्षणात ही, क्षणात ती.

तिने नंबर पाहिला. तो तिच्या ओळखीचा होता.

कुठल्याही नेटवर्क कार्डाला कारखान्यातून स्वतःचा नंबर मिळालेला असतो, जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला. या कार्डात तो नव्हताच, तेवढीही काटकसर बनवणाऱ्यांनी केली होती. मग नंबर ड्रायव्हरनेच द्यायचा. चाचणीच्या वेळी योगिनीने सहज सुचला तो दिला होता: राहीची जन्मतारीख. तेव्हा किती गोड वाटलं होतं तिला! कार्ड पहिल्यांदा बोललं ते लेकीच्या तारखेने. कोडमध्ये त्याच्या शेजारी तिने लिहूनही ठेवलं होतं, 'हे तात्पुरतं, प्रत्येक पेटीला वेगळा नंबर द्यायचा.' तेवढ्यात राही उठली. मग तिला दात येत होते, मग ताप, मग समर्थची घाई. ती ओळ तशीच राहिली आणि प्रत्येक पेटीत गेली. एका ठिकाणी एकच पेटी होती तोवर काही बिघडलं नाही. इथे दोन आल्या, आणि दोघींची उत्तरं एकमेकींच्या घरी जायला लागली. कधी निरोप पोचायचा, कधी वाटेतच हरवायचा. रविवारी हरवला.

"आये," क्रेटवरून राही म्हणाली आणि दाराकडे बघू लागली. काकी आली असेल असं तिला वाटलं. दारात कुणी नव्हतं.

समर्थने सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही, तेच वाईट झालं.

"ठीक आहे. नवा ड्रायव्हर कर, मी सगळ्या पेट्यांना इथूनच पाठवतो. कुणाला सांगू नकोस."

"पण त्या काकीला बोल लावतायत, समर्थ."

"चार दिवस बोलतील, विसरतील. तू सांगितलंस तर त्या म्हणतील पेट्याच फसव्या. गावभर होईल. पुढच्या ऑर्डरी गेल्या तर तुझं तरी काम राहील का? पुढचं सर्व्हिसिंग त्यांना फुकट करून देऊ, झालं."

योगिनीने फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

दुरुस्ती राहीच्या एका झोपेत झाली. प्रत्येक कॉम्प्युटरवर कारखान्याचा जो क्रमांक असतो त्यावरून कार्डाचा नंबर बनवायचा, बस. नवा ड्रायव्हर घातल्यावर शेडमधल्या दोन पेट्या गुण्यागोविंदाने नांदायला लागल्या. इतकं सोपं होतं ते, आणि तेच तिला खात राहिलं.

ती रोज ठरवायची की आज सांगू. काकी यायची, राही तिच्याकडे झेपावायची आणि जवळ जाऊन मान फिरवायची. काकीच्या हातांना आता मासळीचा नाही, ब्लीचिंग पावडरचा वास यायचा. फ्रीजर धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती. योगिनी चहा ठेवायची, चहाबरोबर बिस्किटं द्यायची, एकदा तर काकीला नवी साडी घ्यावी असंही तिच्या मनात आलं, आणि ती स्वतःवरच चिडली.

"काकी, खरं सांगा," शेवटी एका दुपारी तिने विचारलं. "त्या दिवशी तुमचा डोळा लागला होता?"

काकी राहीच्या केसांतली रबरं सोडवत होती. "नाय."

"मग कबूल का केलंत?"

"मग काय बोलणार? त्या म्हणाल्या, फोन वाजला नाय तर पेटी खोटी. आणि पेटी तुझ्या हातची. पोराला पायाने झोके देत केलीस तू ती, मी बघितलंय ना? ती खोटी कशी असंल? मग खोटी मीच." ती जरा हसली. "आणि म्हातारीचा काय भरवसा, झोपली असंल बसल्या बसल्या. मलाच आता तसं वाटायला लागलंय."

योगिनीला तोंड उघडायचं होतं. पण ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. काकीला आता स्वतःच्याच डोळ्यांची खात्री राहिली नव्हती. मासळी गेली ती गेली. हे त्याहून मोठं काहीतरी तिने काढून घेतलं होतं.

नळ बंद करून ती बाहेर आली. "काकी, आज गटाची मीटिंग आहे ना? मी येते तुमच्याबरोबर."

"तू कशाला? पोरीला ऊन लागंल."

"येते."

शेडमध्ये बायका गोल करून बसल्या होत्या. गटातल्या राजश्रीने राहीसाठी चटई सारली. सत्यवती म्हणाली, "या, इंजिनियरबाय. मथुरेची वकिली करायला आलात काय?"

"नाही. माझंच सांगायला आले." योगिनीने राहीला चटईवर ठेवलं. "त्या रविवारी निरोप निघाला होता. पोचला नाही. काकी झोपल्या नव्हत्या. चूक माझी होती."

"तुमची कशी? तुम्ही काय फ्रीजरमध्ये होता?" कुणीतरी म्हणालं, आणि दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या.

"बंदरात दोन होड्यांवर एकच नंबर रंगवला," योगिनी म्हणाली, "आणि वायरलेसवर त्या नंबरने हाक मारली, तर कोण उत्तर देईल?"

"दोन्ही देतील. नायतर एकपण नाय," राजश्री म्हणाली.

"तुमच्या दोन पेट्यांवर मी एकच नंबर घातला. वेगवेगळा घालायचा होता. राहिला."

हसणं थांबलं. सत्यवतीने विचारलं, "कुठला नंबर?"

हे कुणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. "हिची जन्मतारीख."

सगळ्या राहीकडे बघायला लागल्या. राही चटईचा कोपरा चावत होती.

"जल्लं मेलं तुमचं कौतुक!" सत्यवती उसळली. "लेकीचं लाड घरात करायचं होतं, आमच्या मासळीत कशाला? आणि हे कळलं कधी तुम्हाला?"

"तुम्ही फ्रीजर उघडलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

हे सांगावं लागणार हे ती घरातून निघाली तेव्हाच जाणून होती. तिने काकीकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही.

"तेव्हापासून ही बाय दोन्ही पेटारे एकटी घासतेय," सत्यवती हळू आवाजात म्हणाली. आता तिच्या बोलण्यात तिखट नव्हतं, त्यामुळे ते जास्त लागलं. "आणि आम्हीपण बघत बसलो." तिने कमरेचा फोन काढून मथुराकाकीपुढे धरला. "घे गो. वार तुझा तू घे."

काकीने फोन घेतला नाही. "आज नको," ती म्हणाली.

मग बरंच बोलणं झालं. पेट्या काढून टाकाव्यात असं एकीचं म्हणणं. राजश्री म्हणाली, आता नंबर वेगळे झालेत तर ठेवू, पण दर रविवारी इंजिनियरबायने स्वतः येऊन फ्रीजर बंद करून निरोप पोचतो का ते दाखवायचं, आणि त्या दिवशीची धुलाईही तिचीच. योगिनी हो म्हणाली. समर्थला काय सांगायचं हे तिने ठरवलं नव्हतं. काय व्हायचं ते होऊ दे, असं तिला वाटलं, आणि लगेच घरभाडंही आठवलं.

परतताना काकी तिच्याबरोबर सुरूच्या झाडांपर्यंत चालत आली. रस्ता फुटला तिथे थांबली.

"चूक झाली ते मी समजू शकते गो," ती शेवटी म्हणाली. "पोर लहान, कामाची घाई. पण मी तुझ्या घरात बसून चहा पीत होते, आणि तू मला बिस्किटं देत होतीस. तेव्हा तुला ठावं होतं."

"हो काकी."

"मी रात्री पडल्या पडल्या आठवायचे, खरंच झोपले होते काय म्हणून."

योगिनीला माफी मागायची होती, पण तो शब्द इतका छोटा वाटला की तिने तो तोंडातच ठेवला. राहीने दोन्ही हात पुढे केले. काकीने तिला घेतलं नाही. पदराच्या टोकाने तिचं नाक तेवढं पुसलं.

"उद्या याल ना?" योगिनीने विचारलं.

"बघू," काकी म्हणाली, आणि खाडीच्या बाजूला वळली.

राही मागून हाका मारत राहिली. योगिनीने तिला गप्प केलं नाही. काकी वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि मग लेकीला खांद्यावर टाकून घरी निघाली.